पिकअप घेताय? आधी मालाला विचारा, मग इंजिनाकडे पाहा

आपल्या समाजात नोकरदार थोडे आणि स्वतःच्या हिमतीवर धंदा करणारे जास्त, हे नव्याने सांगायला नको. मालेगावचा यंत्रमागवाला, मिरज-कोल्हापूरकडचा बागवान, गाद्या भरणारा पिंजारी, बांगड्यांचा मणियार, ग्रिल आणि शटर करणारा कारागीर, बेकरीवाला, भंगारवाला, अंड्यांचा व्यापारी या सर्वांचे धंदे वेगळे असले तरी गरज एक आहे. माल वेळेवर आणि कमी खर्चात गिऱ्हाइकापर्यंत पोहोचला पाहिजे. एके काळी हे काम हातगाडी व टांगा करीत, पुढे तीनचाकी टेम्पो आला. २००५ साली टाटांचा ‘एस’ बाजारात उतरला, लोकांनी त्याला ‘छोटा हत्ती’ म्हणून घरचाच करून टाकले, आणि चारचाकी मालगाडी लहान दुकानदाराच्याही आवाक्यात आली. आज त्याच्या वरच्या पायरीवर एक ते दोन टन माल वाहणाऱ्या पिकअप गाड्यांची रांगच उभी आहे. महिंद्राची बोलेरो पिकअप, टाटांची योद्धा आणि इंट्रा, अशोक लेलँडची दोस्त, इसुझूची डी-मॅक्स ही नावे आता प्रत्येक मंडईत ऐकू येतात.

घर आणि दुकान सोडले तर बहुतेक व्यापाऱ्यांच्या आयुष्यातील ही सर्वात मोठी खरेदी असते. पण कापडाचा पोत बोटांनी ओळखणारा, आंब्याची पेटी न उघडता वासावरून भाव सांगणारा आपला माणूस गाडी घ्यायला निघाला की सारी पारख घरी ठेवून जातो. शेजारच्या गाळेवाल्याने दोन टनी घेतली म्हणून आपणही दोन टनी. शोरूममधील पोरगा हॉर्सपॉवरचा आकडा सांगतो आणि आपण मान डोलावतो. पुढची पाच वर्षे हप्ते भरताना लक्षात येते की गाडी अर्धी रिकामी धावते आहे किंवा दुपारभर दुकानासमोर उभी आहे.

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. पिकअपची निवड इंजिनापासून करू नये, मालापासून करावी. दुसरा विचार रोजच्या वाटेचा करावा. या दोन गोष्टी नक्की झाल्या की इंजिन कोणते हे जवळजवळ आपोआप ठरते. आणि शहरातल्या शहरात माल पोहोचवणाऱ्या आपल्या बहुतेक कारागिरांना, गळ्यात मारली जाते त्यापेक्षा एक माप लहान गाडी पुरते, असे आमचे मत आहे.

माल जड की फुगीर?

पिंजाऱ्याचे उदाहरण घ्या. कापसाच्या गाद्या आणि उशा भरल्या की हौदा काठोकाठ भरतो, दोर बांधावा लागतो, पण वजन पाचशे किलोच्या घरातही जात नाही. त्याला दीड टन ओढणारी ताकद काय करायची? त्याला हवा लांब हौदा. आठ फुटांऐवजी नऊ-दहा फुटांचा हौदा मिळाला तर फेऱ्या कमी होतात आणि तोच त्याचा नफा. फर्निचरवाले, प्लास्टिकच्या घागरी विकणारे, बेकरीचे टोस्ट-खारी पोहोचवणारे सगळे याच जातीचे. याउलट फरशी आणि ग्रॅनाईटवाल्याचा हौदा पाव भरला तरी गाडीच्या कमानी बसतात. त्याला लांबी नको, मागचा अ‍ॅक्सल दमदार हवा.

बागवानाचे गणित मधले आहे. एका क्रेटमध्ये २० किलो फळ धरले तर ६० क्रेट म्हणजे १२०० किलो, वर क्रेटचे स्वतःचे वजन वेगळे. म्हणजे एक टनी गाडीत ६० क्रेट मावतात म्हणून भरायचे, हा हिशेब पहिल्याच दिवशी चुकतो. मावणे आणि पेलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पत्रकावर छापलेली वाहनक्षमता पूर्णच्या पूर्ण मालाला मिळते असे समजू नका. नोंदणी पुस्तकात गाडीचे भरलेले एकूण कमाल वजन लिहिलेले असते. या एकूण वजनात चालक येतो, शेजारी बसलेला हमाल येतो, ताडपत्री आणि जादा स्टेपनी येते, आणि गॅरेजमध्ये हौसेने चढवलेला लोखंडी पिंजराही येतो. चांगला जाड पाइपचा पिंजरा दीड-दोनशे किलोला सहज जातो. म्हणून आम्ही सुचवतो तो मार्ग साधा आहे. गाडी ताब्यात आली, पिंजरा बसला, की टाकी भरून, चालक-हमालासह वजनकाट्यावर न्या. काट्याचा आकडा नोंदणी पुस्तकातील एकूण वजनातून वजा करा. जे उरेल तेवढाच तुमचा माल. हा आकडा चालकाच्या समोर पत्र्यावर रंगवून ठेवा. काट्याला थोडे पैसे पडतात, पण पाच वर्षांची भांडणे वाचतात.

लोखंडाचे काम करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. पाइप आणि अँगल साधारण वीस फुटी येतात आणि पिकअपचा हौदा नऊ-दहा फुटांचा असतो. केबिनवरून पुढे आणि मागे लोंबणारा माल घेऊन जाणे ही आपल्याकडे रीतच होऊन बसली आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली जी दुरुस्ती झाली तिने अशा बाहेर डोकावणाऱ्या मालासाठीही वीस हजारांच्या दंडाची तरतूद केली. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या छातीत सळई घुसली तर दंडाची गोष्टच राहत नाही. माल वखारीतच कापून घ्यावा. कापणीचे पैसे गिऱ्हाइकाच्या बिलात धरता येतात.

‘आमची गाडी तीन टन ओढते’

ही बढाई आम्ही अनेक अड्ड्यांवर ऐकली आहे. ओढत असेल. इंजिन ओढते यात शंका नाही. पण गाडी थांबवण्याचे काम इंजिनाचे नाही. जादा माल भरण्यासाठी लोक गॅरेजमध्ये कमानपाट्यात दोन पाटे वाढवून घेतात आणि गाडी मजबूत झाली असे समजतात. पाटे वाढले म्हणजे गाडीची पाठ वाकायची थांबली, एवढेच. ब्रेक तेच राहिले, टायर तेच राहिले, अ‍ॅक्सल आणि चाकाचे नट-बोल्ट तेच राहिले. पूर्वी गाडी बसल्यावर चालकाला कळत तरी होते की वजन जास्त झाले. आता तेही कळत नाही.

आंबा घाटातून किंवा कुंभार्ली घाटातून भरलेली गाडी खाली उतरवणाऱ्याला हे नीट ठाऊक असते. उतारावर सतत ब्रेक दाबला की ड्रम तापतात, तापले की पकड सुटत जाते, आणि शेवटच्या वळणावर पाय टेकवला तर पेडल नुसते खाली जाते. चढताना जो गिअर लागतो त्याच्याच आसपासच्या गिअरमध्ये उतरावे, हे जुन्या चालकांचे सांगणे आजच्या गाड्यांनाही लागू आहे. पण क्षमतेच्या दुप्पट माल असेल तर कोणताही गिअर पुरत नाही.

कायद्याची बाजूही लक्षात ठेवा. २०१९ च्या दुरुस्तीनुसार जादा वजनाला वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये दंड आहे, शिवाय जादा माल तिथेच उतरवावा लागतो. एक दंड म्हणजे लहान व्यापाऱ्याचा अख्खा महिना. ज्याच्याकडे रोज दीड टन माल निघतो त्याने एक टनी गाडी घेऊन तिच्यावर जुलूम करू नये, दीड टनीच घ्यावी. आम्ही लहान गाडीची वकिली करतो ती माल लहान असणाऱ्यांसाठी.

इंजिनाची निवड

आता इंजिनाकडे येऊ. पूर्वी पिकअप म्हणजे डिझेल, असा सरळ हिशेब होता. आज डिझेल, सीएनजी, पेट्रोल आणि वीज असे चार पर्याय समोर आहेत आणि चारही आपापल्या जागी बरोबर आहेत.

डिझेलचा गुण त्याच्या ओढीत आहे. हॉर्सपॉवरचा आकडा वेगाचा अंदाज देतो, पण भरलेली गाडी चढावर जागेवरून हलवायची तर टॉर्क लागतो, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर. हा जोर न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. टाटा योद्धाचे २.२ लिटर डिझेल इंजिन १०० हॉर्सपॉवर आणि २५० न्यूटन-मीटर टॉर्क देते, आणि तिच्या २०२२ साली आलेल्या नमुन्याची क्षमता दोन टनांची सांगितली जाते. इंट्रा व्ही-५० चे दीड लिटरचे डिझेल इंजिन ८० हॉर्सपॉवर आणि २२० न्यूटन-मीटरचे आहे, क्षमता दीड टन. बोलेरो पिकअपचे अडीच लिटरचे जुने ओळखीचे इंजिन आकड्यांत यांच्या पुढे नाही, पण गावोगावच्या मिस्त्रीला ते पाठ आहे आणि सुटा भाग तालुक्याच्या गावीही मिळतो. आमच्या दृष्टीने हा गुण दहा हॉर्सपॉवरपेक्षा मोठा आहे. याउलट सीएनजीवर चालणाऱ्या एक टनी इंट्रा व्ही-२० चा टॉर्क सुमारे १०० न्यूटन-मीटर आहे. म्हणजे डिझेलच्या निम्म्याहून कमी. सपाट शहरात तो पुरतो. घाटात मात्र मागे रांग लागते.

तेव्हा रत्नागिरीचा आंबा कोल्हापूरच्या बाजारात नेणाऱ्याने किंवा नाशिककडून कांदा कसारा घाटाने मुंबईला आणणाऱ्याने डिझेलच घ्यावे. तिथे दुसरा विचार नको.

पण जो माणूस मोमिनपुऱ्यातून निघून चार किलोमीटरवरच्या दुकानात माल टाकतो, परत येतो, तासाभराने पुन्हा निघतो, त्याला आजचे डिझेल त्रास देऊ शकते. हे आम्ही मुद्दाम विस्ताराने सांगतो, कारण गाडी विकणारा ते सांगत नाही. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले. त्यानंतरच्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी पकडणारी गाळणी बसवलेली असते, तिला डीपीएफ म्हणतात. ही गाळणी काजळीने भरत आली की ती आतल्या आत जाळून टाकण्याची व्यवस्था असते. पण त्यासाठी धूर खूप तापावा लागतो, आणि तो तापण्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटे न थांबता बऱ्या वेगाने चालावी लागते. गल्लीबोळात दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीला ही संधी मिळतच नाही. काजळी साचत जाते, डॅशबोर्डवर दिवा लागतो, चालक त्याकडे दुर्लक्ष करतो, मग एक दिवस गाडीची ताकद एकदम कमी होते आणि ती कंपनीच्या वर्कशॉपमध्ये न्यावी लागते. गाळणी बदलण्याची पाळी आली तर बिल पाहून घाम फुटतो.

यावर काही मिस्त्री गाळणी कापून काढण्याचा सल्ला देतात. तो ऐकू नका. ते बेकायदा आहे, पीयूसी आणि फिटनेसला अडचण येते, आणि तो धूर शेवटी आपल्याच मोहल्ल्यातील पोरांच्या छातीत जातो. डिझेल घेतलेच असेल तर आठवड्यातून एकदा तरी गाडी मोकळ्या रस्त्यावर वीस-पंचवीस किलोमीटर चालवून आणा आणि दिवा लागला की गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे वागा. ज्या गाड्यांत युरियाचे द्रावण टाकावे लागते, त्यात ते चांगल्या कंपनीचेच टाका. पाणी मिसळून पैसे वाचवणाऱ्यांना पुढे पंप आणि नळ्यांचा खर्च भरावा लागतो.

शहरातल्या अशा वापरासाठी आमचे मत सीएनजीच्या बाजूने आहे, मात्र हिशेब करूनच. समजा गाडी रोज ४० किलोमीटर चालते आणि वर्षात ३०० दिवस. झाले १२ हजार किलोमीटर. डिझेलवर लिटरला १४ किलोमीटर आणि ९० रुपये भाव धरला तर वर्षाला सुमारे ७७ हजारांचे डिझेल लागेल. सीएनजीवर किलोला २० किलोमीटर आणि ८० रुपये धरले तर ४८ हजार. बचत २९ हजारांची. तुमच्या गावचे भाव घालून हाच हिशेब पुन्हा करा. आता दुसरी बाजू. एक दिवसाआड पंपावर तासभर रांगेत थांबावे लागत असेल तर वर्षाला १५० तास गेले. म्हणजे रांगेतल्या प्रत्येक तासाची मजुरी १९३ रुपये पडली. ज्याच्या चालकाचा आणि गाडीचा एक तास याहून महाग आहे त्याला सीएनजी परवडत नाही. आणि ज्याच्या दुकानाजवळच पंप आहे, पहाटे फजरनंतर जाऊन जो पाच मिनिटांत टाकी भरून येतो, त्याला ती सोन्यासारखी आहे.

सीएनजीची टाकी जागा आणि वजन खाते, हेही पाहून घ्यावे. टाकीची दाबाची चाचणी दर तीन वर्षांनी करून घेणे सक्तीचे आहे. बाजारात कोणाकडूनही किट बसवण्यापेक्षा कंपनीतून बसून आलेली घ्यावी, आणि त्यातही पेट्रोलची थोडी सोय असलेली बरी, म्हणजे गॅस संपला तरी माल रस्त्यात अडकत नाही. टाटांनी जून २०२५ मध्ये आणलेल्या ‘एस प्रो’ या ७५० किलोच्या गाडीत पाच लिटरची पेट्रोल टाकी याच कामासाठी दिली आहे. निव्वळ पेट्रोलवरची गाडी दिवसाला दहा-पंधरा किलोमीटर फिरणाऱ्यालाच शोभते.

विजेच्या गाडीची चेष्टा करण्याचे दिवस आता गेले. बेकरी, अंडी, पाण्याचे जार, धुलाईचे कपडे असा हलका माल आणि रोजची ठरलेली वाट असेल, रात्री स्वतःच्या जागेत गाडी उभी करून चार्ज करता येत असेल, तर किलोमीटरमागचा खर्च यात सर्वात कमी. २०२२ मध्ये आलेल्या विजेच्या ‘एस’ची क्षमता ६०० किलो आणि एका चार्जमधील धाव चाचणीनुसार १५४ किलोमीटर सांगितली गेली. चाचणीचा आकडा भरल्या गाडीला, उन्हाळ्यात, गर्दीत मिळत नाही, तेव्हा तो दोनतृतीयांशच धरून चालावे. एक-दोन टनांच्या कामासाठी आणि परगावच्या भाड्यासाठी मात्र आम्ही आज तिची शिफारस करणार नाही. गल्लीतल्या भाड्याच्या घरात राहणाऱ्याला तर मीटर कोणाच्या नावावर, वायर कुठून न्यायची, येथूनच अडचण आहे.

कोकणातले आपले बरेच बांधव आखातात वर्षानुवर्षे राहून येतात. तिथल्या साइटवर टोयोटा हायलक्स पाहिलेली असते, आणि गावी परतल्यावर धंद्यासाठी तशीच घ्यावी असे मनात येते. २०२२ पासून हायलक्स भारतातही मिळते, २.८ लिटरचे इंजिन आणि २०० च्या वर हॉर्सपॉवर. इसुझूची व्ही-क्रॉसही त्याच वर्गातील. गाड्या उत्तम आहेत यात वाद नाही. पण पाच माणसांच्या ऐसपैस केबिनमागे लहानसा हौदा जोडलेली ही वाहने आहेत, आणि त्यांच्या किमतीत दोन-तीन साध्या पिकअप येतात. हौस म्हणून घ्यायची तर जरूर घ्यावी, धंद्याच्या वहीत मात्र लिहू नये.

कशाला पैसे द्यावेत, कशाला नाही

पॉवर स्टिअरिंगला द्यावेत. मंडईत दिवसाला शंभर वेळा गाडी वळवणाऱ्या चालकाच्या खांद्याला विचारा. हौद्याची उंची पाहावी. हमालाने पाठीवरून माल चढवायचा असेल तर चार इंच कमी उंची म्हणजे दिवसाअखेर बराच फरक. पुढच्या दिव्यांचा प्रकाश रात्री पाहून घ्यावा. गाडी कुठे आहे हे मोबाइलवर दाखवणारी सोय आता काही नमुन्यांत येते. स्वतः चालवणाऱ्याला तिचा उपयोग नाही, चालक ठेवणाऱ्याला आहे. मोठा पडदा आणि गाणी यांचे पैसे आम्ही तरी देणार नाही.

वातानुकूलित केबिनबद्दल मात्र आमचे मत वेगळे आहे. ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरील ट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले. आपल्या पिकअप बहुतेक त्या मर्यादेच्या आत बसतात, म्हणून त्या सुटल्या. विदर्भ-मराठवाड्यातील मे महिन्याचे ऊन मात्र गाडीचे वजन पाहून लागत नाही. ज्याची गाडी दिवसभर महामार्गावर असते त्याने चालकासाठी एवढा खर्च करावा. पेंगुळलेला चालक त्यापेक्षा महाग पडतो.

कागद आणि माणसे

भरलेले एकूण वजन ३ हजार किलोपर्यंत असलेल्या मालवाहनाला मोटार वाहन कायद्यात परमिटची गरज नाही. त्याच्या वरच्या गाडीला आहे. म्हणजे दोन टनीच्या मोहात परमिटचेही काम मागे लागते, हे आधी माहीत असावे. परवान्याबाबत एक दिलासा आहे. साध्या हलक्या वाहनाचा परवाना असलेला चालक साडेसात टनांच्या आतील मालवाहन चालवू शकतो, त्यासाठी वेगळी नोंद लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले. विमा कंपनी याच कारणावरून दावा नाकारत असेल तर हा निकाल वकिलाच्या लक्षात आणून द्यावा.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी आम्ही खरे तर लेखणी उचलली. लग्नाची वरात, इज्तेमा, उरूस, मयतीला जाणे असे काहीही असो, आपल्याकडे पिकअपच्या हौद्यात वीस-पंचवीस माणसे बसवण्याची सवय आहे. भाडे घेत नाही, बिरादरीचे काम आहे, असे म्हटले जाते. पण मालगाडीच्या विम्यात चालक येतो, मालासोबत जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा माणूस येतो. हौद्यात बसवलेले पाहुणे येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने हे अनेक निकालांत सांगितले आहे. उलटलेल्या गाडीतील जखमींची भरपाई मग गाडीमालकाच्या घरावर आणि दुकानावर येते, आणि ज्या कुटुंबांनी माणूस गमावला त्यांच्या हातीही लवकर काही पडत नाही. ‘नाही’ म्हटल्याने नातेवाईक रागावतील. रागावू द्यावेत. आमची जमातींना, मशिदीच्या विश्वस्तांना आणि शादीखान्याच्या मंडळांना विनंती आहे की वरातीसाठी बस ठरवावी आणि पिकअपवाल्याला या संकटात टाकू नये.

नवी की जुनी?

२२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहनांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, विजेच्या गाड्यांवर तो ५ टक्के आहे. जीएसटीत नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला मालवाहनावर भरलेल्या कराची वजावट मिळू शकते, पण गाडी धंद्याच्या नावावर आणि बिलावर जीएसटी क्रमांक असला पाहिजे. कंपोझिशन योजनेतल्यांना ही सवलत नाही. आपले किती तरी लोक मुलाच्या किंवा भावाच्या नावावर गाडी घेतात आणि ही रक्कम सोडून देतात.

व्याजाचे कर्ज नको म्हणणारे अनेक वाचक साठवलेल्या पैशातून जुनी गाडी घेतात. निर्णय वाईट नाही. गल्लीतल्या वापरासाठी बीएस-४ ची सुस्थितीतली गाडी काजळीच्या गाळणीच्या कटकटीतून बरीचशी मोकळी असते. पण तिचे वय पाहा. आठ वर्षांनंतर मालवाहनाचे फिटनेस दर वर्षी करावे लागते. खाली वाकून कमानपाटे मोजा, जादा पाटे चढवलेले असतील तर त्या गाडीने काय सोसले ते समजून घ्या. चासीवर वेल्डिंगचे डाग दिसले तर चहा पिऊन परत या. थकलेले ई-चलन ऑनलाइन तपासा, फायनान्सचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि कंपनीचा ना-हरकत दाखला हाती आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

विकणाऱ्यानेही फॉर्म २९ आणि ३० वर सही करून निवांत बसू नये. नाव बदलले जाईपर्यंत अपघाताची जबाबदारी नोंदणी पुस्तकात ज्याचे नाव त्याचीच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले आहे. आणि ज्याची गाडी महिन्यातून दहा दिवसांच्या वर हलणार नाही, त्याने सध्या नवीही घेऊ नये आणि जुनीही. अड्ड्यावरच्या ओळखीच्या भाडेवाल्याशी महिन्याचा दर ठरवावा, आणि सहा महिने प्रत्येक फेरीचे अंतर, वजन व भाडे वहीत लिहून ठेवावे. ती वही घेऊन मग शोरूमला जावे.